फरीदी, इमरान आणि शेवटचे पान

आमच्या लहानपणी औरंगाबादेत (तेव्हा शहराचे नाव हेच होते) मोहल्ल्या-मोहल्ल्यात आणा लायब्रऱ्या होत्या. आणे चलनातून जाऊन वीस वर्षे उलटली होती, रोजचे भाडे दहा पैसे झाले होते, तरी लोक म्हणायचे आणा लायब्ररीच. एका गाळ्याचे दुकान, भिंतीला लाकडी फळ्या, पुस्तकांना खाकी कव्हर, त्यावर निळ्या शाईत नंबर. मालक गल्ल्यावर बसून स्वतःच वाचत असायचा आणि गिऱ्हाईक आले की पानात बोट ठेवून मान वर करायचा. बुढीलेनमधल्या अशाच एका दुकानातून १९७८ च्या उन्हाळी सुट्टीत मी इब्ने सफीची ‘ज़मीन के बादल’ घरी आणली. तेरा वर्षांचा होतो. एका रात्रीत कादंबरी संपवली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर आलो, तर ते कोरे नव्हते.

पेन्सिल, शाई, बॉलपेन, जे हाताशी असेल त्याने लोकांनी तिथे लिहून ठेवले होते. एकाचे म्हणणे, इमरानवर सरासर जुल्म झाला आहे. त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिले होते की फरीदीच्या समोर इमरानला उभे करणे हीच मुळात बेअदबी. तिसऱ्याने दोघांनाही जाहिल ठरवून विचारले होते, हमीदचे काय? त्या बिचाऱ्याला कोणी विचारले का? मग बाण काढून उत्तरे, उत्तरांना उत्तरे, एक शिवी आणि ती खोडणारी जाड रेघ. कडेला जागा संपल्यावर एकाने पान आडवे धरून लिहिले होते. वीस वर्षांत त्या पुस्तकातून गेलेल्या वाचकांचे ते भांडण होते आणि ते अजून चालूच होते.

हल्ली कॉमिक्सच्या दुनियेत याला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन वेगवेगळ्या मालिकांमधले नायक एकाच कथेत आणायचे. कंपन्या मोठी जाहिरात करतात, अंक हातोहात खपतात आणि महिनाभराने वाचक संतापलेले असतात. आमच्या नायकाला पडते घ्यायला लावले, त्याचा स्वभाव बिघडवला, शेवट गुंडाळला. अमेरिकेतले सुपरहिरोंचे चाहते अशा मालिकांवर कसे तुटून पडतात हे वाचतो, तेव्हा मला ते बुढीलेनमधले पान आठवते.

ज्यांनी इब्ने सफी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. असरार अहमद हे त्याचे खरे नाव, जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. आधी शायर. १९५२ च्या मार्चमध्ये अलाहाबादच्या अब्बास हुसैनी यांनी ‘जासूसी दुनिया’ नावाने दर महिन्याला एक कादंबरी काढायला सुरुवात केली, तिचा लेखक हा. त्याच वर्षी तो कराचीला गेला, पण त्याच्या कादंबऱ्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना छापल्या जात राहिल्या. जासूसी दुनियेचे नायक फरीदी आणि त्याचा साथीदार हमीद. १९५५ मध्ये त्याने दुसरी मालिका सुरू केली, तिचा नायक अली इमरान. दोन्ही मिळून अडीचशेच्या आसपास कादंबऱ्या झाल्या. १९८० च्या जुलैमध्ये तो कराचीत वारला, तेव्हा वयाची जेमतेम बावन्न वर्षे झाली होती.

आता ही दोन माणसे कशी होती ते पाहिले पाहिजे, कारण सगळे भांडण तिथून सुरू होते.

अहमद कमाल फरीदी हा नवाबी खानदानातला, श्रीमंत, अविवाहित, शिस्तीचा. पगारासाठी नोकरी करण्याची गरज नसलेला पोलीस अधिकारी. दारू नाही, बाई नाही, लाच तर नाहीच. घरात कुत्री आणि साप पाळतो. बोलतो कमी. त्याच्याबरोबर हमीद, जो आधी सार्जंट असतो आणि पुढे कॅप्टन होतो. हमीद आळशी, रंगेल, तोंडाळ, बोकड पाळून त्याला मिरवणारा. एक गंभीर आणि एक गमत्या, ही जोडी वाचकाला लगेच पटते.

इमरान म्हणजे अजब चीज. विलायतेत शिकलेला, च्युइंग गम चघळणारा, तोंडावर मूर्खपणाचा मुखवटा. खुद्द बापाने, रहमान साहेबांनी, घराबाहेर काढलेला. ते स्वतः गुप्तचर खात्याचे मोठे अधिकारी आणि पोरगा नालायक निघाला याचे त्यांना दुःख. प्रत्यक्षात हाच पोरगा सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख ‘एक्स-टू’ असतो आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनाही ते माहीत नसते. फोनवर ज्याच्या आवाजाने ते थरथरतात, त्याचीच ते समोरासमोर टिंगल करतात.

म्हणजे बघा, इमरान हा एकाच अंगात फरीदी आणि हमीद दोन्ही आहे. बाहेरून हमीद, आतून फरीदी. मग तिघांना एका कथेत आणले की हमीद बेकार होतो, कारण विनोदाची जागा इमरानने घेतलेली असते. दुसरी अडचण याहून मोठी. इमरान हाच एक्स-टू आहे हे फरीदीला कळते की नाही? कळले, तर ज्या गुपितावर सबंध मालिका उभी आहे ते परक्या माणसाने सहज फोडले. नाही कळले, तर ज्या फरीदीच्या नजरेतून काही सुटत नाही असे आपण इतकी वर्षे वाचत आलो तो फरीदी इथे बावळट ठरला. लेखकाने कुठलाही तोडगा काढला तरी अर्धा मोहल्ला नाराज होणारच. हे गणित सुटणारे नव्हतेच, असे मला आज वाटते. तेराव्या वर्षी मात्र मी इमरानच्या बाजूने दात-ओठ खाल्ले होते.

माझे मामू कट्टर फरीदीवाले. कादंबरी पहिल्यांदा बाजारात आली ती पन्नासच्या दशकाच्या शेवटी, तेव्हा ते विशीत होते. त्यांचे एक जिगरी दोस्त किराडपुऱ्यात राहायचे, ते इमरानवाले. दोघांनी पैसे गोळा करून नवी प्रत घेतली, आधी कोणी वाचायची यावर नाणे उडवले, आणि दोघांचे वाचून झाल्यावर आठ दिवस अबोला धरला. मामू हा किस्सा सांगताना तीस वर्षांनंतरही तापायचे. “फरीदी कू कोई ऐसा बोलता क्या? बोलो तुम!” मी विचारायचो, मामू, पण बोलले काय? ते सांगायचे नाहीत. मला वाटते त्यांना नेमके आठवतच नव्हते. राग तेवढा शिल्लक होता.

हा राग एका करमणुकीच्या पुस्तकासाठी जरा जास्तच नाही का? मलाही तसेच वाटायचे. नंतर इतिहास वाचू लागलो आणि त्या सालांकडे पाहिले.

औरंगाबाद हे उर्दूचे जुने घर. वली आणि सिराज यांच्या नावापुढे हे शहर लागलेले आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मौलवी अब्दुल हक अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि अंजुमनचे दफ्तर इथे आले. १९२१ पासून त्यांचे ‘उर्दू’ हे त्रैमासिक याच शहरातून निघायचे. पुढे १९३८ मध्ये अंजुमन दिल्लीला गेली. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत, कोर्टाचा कागद उर्दूत. मग १९४८ चा सप्टेंबर आला. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत मराठवाड्यात मुसलमानांवर काय गुजरले ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात नोंदलेले आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या शांत दिवसांबद्दल. माझे नाना महसूल खात्यात पेशकार होते. फारसी-उर्दूत पक्के. नव्या कारभारात त्यांच्या हस्ताक्षराला किंमत उरली नाही. मराठी मोडकीतोडकी यायची, इंग्रजी नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि शहागंजात धान्याच्या दुकानात हिशेब लिहायला बसले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला तोवर आमच्या घरात सरकारी नोकरी हा शब्दच निघेनासा झाला होता.

अशा घरातला विशीचा पोरगा महिन्याला एक कादंबरी वाचतो. तिच्यात अहमद कमाल फरीदी नावाचा अधिकारी आहे. त्याच्या नावामुळे कोणी त्याच्याकडे संशयाने पाहत नाही. तो पाहिजे त्याला अटक करतो, मंत्र्यालाही भीत नाही, आणि बोलतो ती उर्दू नानांच्या उर्दूसारखी स्वच्छ. देश कुठला ते लेखक बहुतेक वेळा सांगतच नाही, त्यामुळे अलाहाबादवाला, कराचीवाला आणि औरंगाबादवाला, तिघेही त्याला आपल्या गावचा समजायला मोकळे. मामूंसाठी फरीदी हा घरातून गेलेला रुबाब होता. त्याला कोणी, आणि तेही च्युइंग गम खाणाऱ्या पोराने, खिजवणे हे त्यांना सहन होणे शक्य नव्हते.

आणि मामूंचे दोस्त इमरानवर का जीव टाकत? ते एका प्रेसमध्ये खिळे जुळवायचे. तिथे सगळे त्यांना ‘मियाँ’ म्हणून हसत, तेही हसत. घरी आले की सबंध ‘दीवान-ए-ग़ालिब’ तोंडपाठ. जगाने वेड्यात काढलेला माणूस आतून बादशहा असू शकतो, हे इमरानने त्यांना महिन्या-महिन्याला सांगितले. मग फरीदीसारख्या बड्या घरच्या साहेबाने त्याला दोन शब्द सुनावलेले त्यांना कसे चालतील?

प्रत्यक्षात पुष्कळ हरून बसलेली माणसे होती ती. कागदावर आणखी एक हार घ्यायला कोणी तयार नव्हते.

इब्ने सफीला हे चांगले कळत असणार. तो प्रत्येक कादंबरीच्या आरंभी ‘पेशरस’ नावाचे छोटे मनोगत लिहायचा, त्यात वाचकांच्या तक्रारींना आणि फर्माइशींना चिमटे काढत उत्तरे द्यायचा. ही दोन्ही मंडळी त्याला पत्रांतून रोज भेटत होती. पुढची वीस वर्षे तो लिहीत राहिला, पण फरीदी आणि इमरान यांना पूर्ण कादंबरीभर समोरासमोर आणण्याचा प्रयोग त्याने पुन्हा केला नाही.

जुन्या दास्तानगोंना ही अडचण नव्हती. ‘दास्तान-ए-अमीर हमज़ा’ मध्ये हिंदुस्तानचा राजा लंधौर येतो. महाकाय, हातात अजस्र गदा, स्वतःच्या मुलखात अजिंक्य. आजच्या भाषेत सांगायचे तर दुसऱ्या मालिकेचा नायक. हमज़ा आणि लंधौर लढतात, लंधौर हरतो, आणि मग जन्मभराचा साथीदार होतो. ऐकणारा नाराज होत नाही, कारण नियम ठरलेला आहे: आधी कुस्ती, मग गळाभेट. कुणीतरी पाठ टेकवल्याशिवाय गळाभेट नाही. इब्ने सफीने लहानपणी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ वाचून काढली होती. इमरानमध्ये मला तिथला अमर अय्यार स्पष्ट दिसतो. पण दास्तानचा तो नियम छापील मासिकाच्या जमान्यात चालला नाही. दास्तान सर्वांची असते. महिन्याला पदरचे पैसे मोजून घेतलेला नायक मात्र ‘आपला’ असतो.

याच काळात आमच्या वर्गात दुसरा एक व्यवहार चालायचा. गुलमंडीचा माझा एक मित्र इंद्रजाल कॉमिक्सचा वेडा. वेताळ आणि मँड्रेक मराठीत यायचे. मी त्याला उर्दूतल्या गोष्टी तोंडी सांगायचो, तो मला वेताळ वाचायला द्यायचा. एकदा मी इमरानची गोष्ट रंगवून सांगत होतो, तर म्हणाला, हे तर आमच्या राजेशचे आहे, तू चोरलेस. माझा मोठा भाऊ स्टेशनवरून आणतो. आम्ही हमरीतुमरीवर आलो. दुसऱ्या दिवशी त्याने भावाची हिंदी कादंबरी आणली. नकाशा तोच, खून तोच, संवाद तेच. अलाहाबादहूनच निघणाऱ्या हिंदी आवृत्तीत इमरानचा राजेश झाला होता आणि फरीदीचा विनोद. हमीद मात्र हमीदच राहिला होता. म्हणजे साहेबाचे नाव बदलले, हवालदाराचे नाही! याच्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी मात्र दोघेही हसत सुटलो होतो. गुलमंडीत आणि बुढीलेनमध्ये एकच माणूस दोन नावांनी राहत होता आणि दोन्हीकडचे त्याला आपला म्हणत होते. (२००९ च्या सुमारास हार्परकॉलिन्सने हिंदीत नव्या आवृत्त्या काढल्या, त्यांत मूळ नावे परत आली. तेव्हा तो मित्र पुण्याहून फोन करून म्हणाला, तुझा इमरान परत आला बरं का.)

त्याच मित्राकडे मी वेताळाचे लग्न वाचले. ली फॉक यांनी १९७७ मध्ये वेताळ आणि डायना यांचे लग्न लावले, त्याला मँड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून येतात. हाही क्रॉसओव्हरच, पण कोणाचे भांडण झाल्याचे आठवत नाही. कारण उघड आहे. मँड्रेक लग्नाला आला, आहेर दिला, जेवला, गेला. जंगलात वेताळापेक्षा आपली जादू श्रेष्ठ की काय हे दाखवायला तो आला नव्हता. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते.

अमेरिकेतल्या दोन सगळ्यात मोठ्या कंपन्यांनी, डीसी आणि मार्व्हल यांनी, १९९६ मध्ये नेमके उलटे केले. चार अंकांची मालिका, दोन्हीकडचे नायक एकमेकांवर सोडलेले, अकरा लढती. त्यांतल्या पाच लढतींचा निकाल वाचकांनी मते देऊन ठरवायचा. लोकशाहीच म्हणा ना! सुपरमॅनने हल्कला हरवले, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला. इथवर ठीक. पण स्टॉर्मने वंडर वूमनला हरवले आणि वुल्व्हरिनने लोबोला, तेव्हा कॉमिक्सवाले चिडले. लोबो हा जवळजवळ अमर प्राणी. त्याला वुल्व्हरिन हरवतो कसा, हे लेखकालाही सुचले नसावे, कारण ती मारामारी चित्रात दाखवलीच नाही. दोघे बारच्या काउंटरमागे पडतात आणि थोड्या वेळाने एकटा वुल्व्हरिन वर येतो. तीस वर्षे होत आली, ते काउंटर लोक विसरलेले नाहीत. मते ज्याला जास्त तो जिंकला, यावर वाचकांचे समाधान झाले नाही. त्यांना पटेल अशी गोष्ट हवी होती. मतपेटीतून गोष्ट निघत नाही.

पाकिस्तानात इब्ने सफीनंतर वेगळेच घडले. १९६० ते १९६३ या काळात तो मानसिक आजाराने अंथरुणाला खिळला होता तेव्हाच मिळत्याजुळत्या नावांच्या नकला बाजारात आल्या होत्या. पुढे मुलतानच्या मज़हर कलीम यांनी इमरानवर शेकडो कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत कर्नल फरीदीला वारंवार बोलावले. जे मूळ लेखकाने एकदा करून सोडून दिले, ते यांनी नेमाने केले. मज़हर कलीम यांचा स्वतःचा मोठा वाचकवर्ग आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यातली एक कादंबरी मी मामूंना दिली, तर त्यांनी पाच-सहा पाने वाचून ती उशीखाली नव्हे, सरळ रद्दीत ठेवली. यात फरीदी आणि इमरान एकमेकांची इतकी तारीफ करतात की दोघे भाऊ वाटतात, असे त्यांचे म्हणणे. ज्या माणसाने एका टोमण्यापायी आठ दिवस दोस्ती तोडली, त्याला आता तारीफही नको होती.

तारीफ करणाऱ्या नायकांवरून मला शेवटच्या गोष्टीकडे यायचे आहे. ती मुसलमान वाचकांना माहीत असायला हवी आणि फारशी कोणाला माहीत नाही.

कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाइफ अल-मुतव्वा यांनी २००६ मध्ये ‘द नाइन्टी नाइन’ नावाचे कॉमिक सुरू केले. कल्पना अशी: १२५८ मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद उद्ध्वस्त केले तेव्हा ग्रंथालयातले ज्ञान नव्व्याण्णव रत्नांमध्ये साठवले गेले, आणि ती रत्ने जगभर विखुरली. आज ज्या तरुणाला रत्न सापडते त्याला एक शक्ती मिळते. जब्बार, नूरा, मुमीता अशी त्यांची नावे. कुणी हिजाब घालते, कुणी नाही, बुरखेवाली बातिना आहे. कथेत कोणी नमाज पढताना दिसत नाही की धर्मावर प्रवचन देत नाही. २०१० मध्ये बराक ओबामा यांनी भाषणात या कॉमिकचे कौतुक केले आणि त्याच वर्षी डीसीबरोबर सहा अंकांचा क्रॉसओव्हर सुरू झाला. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन एका बाजूला आणि हे रत्नधारी दुसऱ्या बाजूला. माझा एक भाचा आखातात नोकरीला आहे, त्याने ते अंक आणून दिले.

मी आशेने वाचायला बसलो, आणि मला ते फिके वाटले. चित्रे ठीक, हाणामारी ठीक, पण सगळे जण इतके अदबीने वागतात की एखाद्या सर्वधर्म परिषदेला आल्यासारखे वाटावे. कोणी कोणाला टोमणा मारत नाही, कोणी कोणाचा खराखुरा हेवा करत नाही. लंधौरची गदा नाही, हमीदचा बोकड नाही. सुपरमॅनला कमी दाखवले तर अमेरिका रागावेल, जब्बारला कमी दाखवले तर आपण रागावू, या धास्तीने प्रत्येक पानावर तराजू लावलेला. नव्व्याण्णव नावांचे ओझे खांद्यावर असलेल्या पोरांनी थट्टा तरी कशी करावी? मामूंच्या फरीदीवरही असेच ओझे होते, पण ते वाचकाने टाकलेले होते. लेखकाने स्वतः ते उचलले नव्हते, म्हणून फरीदीच्या घरात हमीद हुंदडू शकला.

आणि लोक रागावले ते रागावलेच. अमेरिकेतल्या काही मंडळींनी ओरड केली की या कॉमिकमधून आमच्या पोरांच्या डोक्यात शरिया भरला जातो आहे. त्या दबावात तिथल्या टीव्हीवर येणारी याची कार्टून मालिका लांबणीवर पडली. दुसऱ्या बाजूने, २०१४ मध्ये सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमांनी फतवा काढला की अल्लाहची नावे अशी माणसांना देणे हराम. वास्तविक सुरुवातीला यात पैसा घालणाऱ्या बहरीनच्या इस्लामी बँकेच्या शरिया मंडळाने कॉमिकला मान्यता दिलेली होती. मुतव्वा यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि कुवेतमध्ये कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तोवर कॉमिकही बंद पडलेले होते.

मी त्या काळातल्या दोन्हीकडच्या प्रतिक्रिया पुष्कळ वाचल्या. अमुक अंकात नूराने असे का केले, बातिनाचा स्वभाव इथे बदलला, जब्बारला बॅटमॅनने असे बोलायला नको होते, अशी एकही तक्रार मला त्या गदारोळात सापडली नाही. ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अंक उघडलेलाच नव्हता असा माझा समज झाला. आमच्याच शहरात एका मजलिसीत मी या कॉमिकचा विषय काढला, तर एक गृहस्थ ताडकन म्हणाले, तौबा तौबा, तसले काही बोलू नका. विचारले, तुम्ही पाहिलेत का? म्हणाले, पाहायचे कशाला?

मामूंचा आठ दिवसांचा अबोला मला तिथेच आठवला. ते आणि त्यांचे दोस्त भांडले, पण दोघांनी ‘ज़मीन के बादल’ तीन-तीनदा वाचली होती. कुठल्या पानावर कोण काय बोलले, किमान तेव्हा तरी, त्यांना तोंडपाठ होते. अबोला सुटला तो नव्या महिन्याची कादंबरी आल्यावर. दोघांपैकी एकट्याच्या खिशात तिच्यापुरते पैसे नव्हते.

बुढीलेनमधले ते दुकान व्हिडिओ पार्लर आले तेव्हा बंद झाले. पुस्तके वजनावर गेली. जुन्या बाजारातल्या रद्दीवाल्यांकडे मी बरेच दिवस ती प्रत शोधली, खाकी कव्हर दिसले की उलटून शेवटचे पान बघायचो. नंतर अनेक प्रती मिळाल्या, नव्या छपाईच्याही. त्यांच्या शेवटच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी असते. मागच्या वर्षी भाच्याने फोनवर स्कॅन केलेली जुनी आवृत्ती पाठवली. अलाहाबादची छपाई होती आणि समासात कुठे कुठे पेन्सिलीच्या खुणाही दिसत होत्या, म्हणून घाईघाईने शेवटाकडे गेलो. स्कॅन करणाऱ्याने शेवटचे पान, कोरे समजून, घेतलेच नव्हते.